सोलापूरची भरती

समुद्राचं पाणी आपल्या दारात कुठवर येईल हे विचारायला कोणी सोलापूरला जातं का? मी गेले. घाट चढून, दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करून घेऊन गेले. आणि गेले ते बरं झालं, हे आता कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

आमचं शहर कोकण किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी. नाव लिहीत नाही. गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून शिकून गेलीत आणि उरलेल्या निम्म्यांशी माझं कधी ना कधी वाजलेलं आहे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. रिटायर झाल्यावर नगरपालिकेनं विचारलं, "बाई, पुराचा नकाशा करायचाय, गल्ल्यांची माहिती गोळा करायला मदत कराल का?" मी टुणकन उडी मारून हो म्हटलं. फॉर्म मीच आखला, मीच छापून घेतला. गल्लीचं नाव, रस्त्याची रुंदी, भरती, जोत्याची उंची, शेरा. माझ्या जुन्या विद्यार्थिनी दारोदार फिरल्या. सगळे फॉर्म गोळा होऊन गेले सोलापूरला. तिथली एक लहानशी कंपनी संगणकावर आमच्या शहराची जमीन मांडणार, तिच्यावर समुद्राचं आणि पावसाचं पाणी सोडणार, आणि ते कुठे कुठे जातं ते बघून नकाशा रंगवणार, असं काम होतं.

जानेवारीत नकाशा पालिकेच्या भिंतीवर लागला. निळं म्हणजे पाणी, पांढरं म्हणजे कोरडं. निळ्या गल्ल्यांना उधाणाच्या तीन तास आधी फोनवर इशारा मिळणार, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना शाळेत न्यायला पालिकेचा टेम्पो येणार. पांढऱ्या गल्ल्यांना यातलं काही नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खालची पाखाडी पांढरी होती. मांजराच्या दातासारखी पांढरी!

पाखाडी म्हणजे आमच्याकडची पायऱ्यापायऱ्यांची गल्ली, आणि खालची पाखाडी हे माझं माहेर. तिथे माझा मोठा भाऊ राहतो, दादा. सहा वर्षांपूर्वी त्याचे दोन्ही पाय गेले, म्हणजे आहेत, पण उपयोगाचे नाहीत. गेल्या पावसाळ्यात भर दुपारी उधाण आलं, वरून पाऊस, आणि बघता बघता पाणी त्याच्या खाटेच्या पट्टीला लागलं. वहिनी आणि शेजारच्या दोघांनी दार उचकटून काढलं, त्याच्यावर दादाला घातलं आणि निघाले. पायरीवर एकाचा पाय सरकला. दादा तोंडावर पाण्यात पडला. उताणं व्हायला पाय नकोत का? त्याला वर काढेपर्यंत जे काही क्षण गेले ते वहिनी अजून सांगू शकत नाही, सांगायला लागली की पदर तोंडात घालते. दादा वाचला. पण तेव्हापासून एकच धोशा, "पुढच्या वेळेला माका ठेवून जा. तुमी जीव वाचवा." माझ्या दादानं असं बोलावं? रागानं माझं डोकं फिरतं, आणि राग कोणावर काढायचा ते कळत नाही.

कंपनीला फोन लावला. एका मुलीनं उचलला, नाव प्रज्ञा. मी म्हटलं, "अगं, खालच्या पाखाडीत भरती सगळ्यात जास्त आहे, फॉर्मवर लिहिलंय. दिसलं नाही?"

ती शांतपणे म्हणाली, "दिसलं की मॅडम. सगळ्यात जास्त हाय, म्हणूनच ती कोरडी ऱ्हातीय."

मी फोन आपटला. भरती जास्त म्हणून कोरडी! मुलगी खुळी आहे की मला खुळी समजते? पालिकेच्या साहेबांकडे गेले तर ते म्हणाले, "बाई, संगणकानं काढलंय." मी म्हटलं, "मग संगणकाला घेऊन या पाखाडीत." ते म्हणाले, "तो सोलापूरला आहे. आणि सोमवारी अकराच्या मीटिंगमध्ये नकाशा कायम होतोय."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीत मी बसले.

एसटीत

रिकाम्या हातानं कोणाकडे भांडायलासुद्धा जाऊ नये, अशी आमच्याकडची रीत. म्हणून पिशवीत आमसुलं घेतली आणि अर्धा किलो सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी. घाटापर्यंत कोणी काही बोललं नाही. घाट संपल्यावर खिडक्या बंद झाल्या, आणि मिरजेच्या पुढे कंडक्टर नाकाला रुमाल लावून विचारत फिरला, "कुणाच्या पिशवीत काय मेलंय?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. तेहेतीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई मी.

मिरजेला शेजारी एक बाई येऊन बसली होती, मंगळवेढ्याची. तिला वासाचं काही वाटलं नाही, शेरडांची सवय असावी. तिनं कागदात बांधलेली भाकरी आणि शेंगांची चटणी काढली आणि न विचारता माझ्या मांडीवर निम्मी ठेवली. चटणी अशी की पहिल्या घासाला तेल, दुसऱ्याला लसूण आणि तिसऱ्याला डोळ्यांत पाणी. आमच्याकडे ओल्या खोबऱ्याशिवाय चटणी होत नाही. इथे शेंगदाण्यावर सगळा संसार.

"कुटं निगालाव बाई?"

"सोलापूरला. भरतीच्या कामाला."

"पोलीस भरती? लेकाची हाय व्हय?"

"नाही हो, मी स्वतःच."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, पिकलेल्या केसांवर थांबली आणि म्हणाली, "या वयात घेत्यात?"

मी इतकी हसले की खोकला लागला. समुद्राची भरती असते हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "आसंल की. आमी कुटं बगितलाय समिंदर." मंगळवेढ्याला ती उतरली. उतरण्याआधी खिडकीतून काळं रान दाखवलं, पाण्याचा थेंब न देता उभी असलेली ज्वारी दाखवली, पुरुषभर उंच, कणसं टपोरी. "रातच्या दवावर येतीया ही," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली होती की मला तिचा हेवा वाटला. त्या अख्ख्या रानाला पुरेल एवढं पाणी आमच्या गावात एका पन्हळीतून वाहून जातं.

शनिवार, सोलापूर

स्टँडजवळच्या लॉजवर उतरले होते. सकाळी जाग आली ती आरडाओरड्यानं. खाली गल्लीत बायका ओरडत होत्या, "पाणी आलं! पाणी आलं गं!"

मी काय केलं असेल? अंगावरचं पांघरूण फेकलं, पिशवी उचलून कपाटावर ठेवली, चपला कपाटावर ठेवल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि खाटेवर चढून उभी राहिले. दुसऱ्या मजल्यावर! मग खिडकीतून खाली पाहिलं. घागरी, बादल्या, पिंपं, प्लॅस्टिकच्या नळ्या, आणि माणसांचे चेहरे लग्नघरासारखे. चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. एक म्हातारी तेलुगूत सुनेला काहीतरी झापत होती आणि सून हसत हंडा भरत होती. आमच्या पाखाडीत हीच आरोळी उठली की वहिनी दादाच्या खाटेकडे धावते. मी खाटेवरून उतरले, खोचलेली साडी खाली सोडली आणि कपाटावरच्या चपला काढल्या.

रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर जाना अम्मा?" पत्ता दाखवला. पिशवीचा वास त्याच्यापर्यंत पोचला तसा तो मागे वळून म्हणाला, "सुक्की मच्छी है क्या? लई दिन हुए खाके." चिमूटभर सोडे कागदात बांधून दिले. सोलापुरात माझं पहिलं कौतुक झालं ते असं.

कंपनी म्हणजे चादरींच्या दुकानावरची एक लांबट खोली. खाली ढीगभर चादरी, वर ओळीनं पाच संगणक. प्रज्ञा निघाली सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बारीक चणीची, डोळे मात्र समोरच्याला टिपून घेणारे. मी भांडायच्या तयारीत गेले होते. तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. चार दिवसांनी पाणी येतं त्या गावात आल्याआल्या भरलेला तांब्या हातात आल्यावर भांडायचं कसं?

पण भांडले. तिनं पडद्यावर आमचं शहर उघडलं. सगळी जमीन बारीक चौकोनांत कापलेली, प्रत्येक चौकोनाला त्याची उंची. एका बाजूनं समुद्र, त्याला लाटांचं आणि वाऱ्याचं गणित, वरून पाऊस. तिनं बटण दाबलं आणि पाणी आत शिरायला लागलं. खाडीतून, पुलाखालून, मासळी बाजाराच्या गटारातून. कसलं हुबेहूब! बाजारातलं पाणी नेमकं तिथूनच चढतं, मी माझ्या डोळ्यांनी पन्नास वेळा पाहिलंय, आणि या पोरीनं ते समुद्रापासून इतक्या लांब बसून काढलं होतं. मग पाणी पाखाडीच्या तोंडाशी आलं, थबकलं, आणि वळसा घालून पुढे गेलं.

"हितं का वळलं?" मी विचारलं. घाईत मीसुद्धा 'हितं' म्हणून गेले.

"उंच हाय की जागा."

"उंच? अगं, खालची पाखाडी आहे ती. नावातच खालची आहे!"

"जुन्या मोजणीत खालीच होती, मॅडम. तुमच्या फॉर्मवरनं मी दुरुस्त केली."

म्हणजे माझ्याच फॉर्मवरून! तिचे साहेबही आले. भला माणूस, आवाज खाली ठेवून बोलणारा. म्हणाले, "डेटा तुमचाच आहे, ताई. आम्ही आकडे बदलत नाही." मी म्हटलं, "माझा भाऊ बुडत होता तिथे." साहेब म्हणाले, "भावाचं मला वाईट वाटतं. पण एका माणसाच्या सांगण्यावरून एक गल्ली निळी केली, तर उद्या सगळं शहर रांग लावेल. चूक कुठे आहे ते दाखवा, सोमवारी अकराच्या आत बदलतो."

दुपारभर मी आणि प्रज्ञा समोरासमोर बसलो. लाटा तपासल्या, पाऊस तपासला, खाडीची खोली तपासली. मी वर्गातल्या हट्टी मुलीसारखं प्रत्येक आकड्याला "हा कुठून आला?" म्हणून विचारत होते, आणि ती न चिडता दाखवत होती. एकही आकडा चुकलेला नव्हता. फॉर्मवरचे आकडे तेवढे तपासले नाहीत, ते माझेच होते ना! पाच वाजता माझा आवाज बसला. मी पिशवी तिच्या टेबलावर ठेवली. "हे सोडे. तुझ्यासाठी आणलेत. राग वेगळा, हे वेगळं."

ती पहिल्यांदा हसली. "बाई," ती म्हणाली, मॅडमची बाई झाले होते मी, "उद्या सुट्टी हाय. लॉजवर बसून काय करताव? आमच्या रानात चला. हुरडा खाऊ. डोकं शांत झालं की सापडंल."

रविवार, मोहोळच्या अलीकडे

प्रज्ञाचे वडील, सगळे त्यांना आण्णा म्हणतात, बांधकामावर मुकादम होते. शहरातल्या कित्येक इमारतींचे पाये त्यांच्या देखरेखीखाली भरलेले. आता मोहोळच्या अलीकडे गावाकडच्या जमिनीच्या तुकड्यावर स्वतःसाठी दोन खोल्या बांधत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधलेला माणूस स्वतःचं घर बांधताना कसा वागतो ते बघण्यासारखं असतं. एकेक वीट हातात घेऊन वाजवून बघत होते.

"जयभीम बाई, बसा की. लई लांबनं आलाव," म्हणून त्यांनी कडुलिंबाखाली घोंगडी टाकली. प्रज्ञाच्या आईनं सोडे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. तिनं तिथल्या तिथे तीन दगडांवर तवा ठेवला, कांदा परतला, सोडे टाकले. एकीकडे शेणकुटांच्या आरात, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, कणसं भाजली जात होती. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि कोवळे हिरवे दाणे तोंडात टाकायचे. सोबत शेंगांची चटणी, दही, गूळ. मी पहिलंच कणीस उत्साहानं चोळलं आणि तळहात भाजून घेतला. प्रज्ञाच्या आईनं हसत माझा हात दह्यात बुचकळला. सोडे आणि हुरडा एकत्र कोणी खाल्ला असेल असं वाटत नाही. आम्ही खाल्ला, आणि दोघांचं बरं जमतं असं जाहीर करते.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॉली उलटली आणि तांबूस मुरूम धडधडत नव्या जोत्याच्या मधे पडला. आण्णा उठले, पायानं मुरूम दाबून बघितला आणि मला मोठ्या अभिमानानं म्हणाले, "बगा बाई, दोन फूट भरती झाली. आजून आर्धा फूट टाकणार. आता कितीबी पाऊस येऊं द्या, घरात थेंब येनार न्हाय."

मी सहज म्हटलं, "भरती? इथे कुठला समुद्र, आण्णा?"

"समिंदर न्हाय वो. भरती. मुरमाची भरती. जागा खाली आसली की भरती टाकायची, वर येतीया."

माझ्या हातातलं कणीस खाली पडलं. मी प्रज्ञाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तिच्या तोंडात हुरडा होता, ती चावायची थांबली होती.

"प्रज्ञा," मी म्हटलं, "माझ्या फॉर्मवर भरती दोन फूट लिहिलंय, त्याचं तू काय केलंस?"

"जमीन दोन फूट वर उचलली," ती हळूच म्हणाली. "रस्त्याची रुंदी, भरती, जोत्याची उंची. मला वाटलं, जोत्याच्या आधी भरतीच आसणार. लोकांनी मुरूम टाकलाय."

"अगं बाई! भरती म्हणजे समुद्राची भरती! उधाणाच्या भरतीला गल्लीत किती पाणी उभं राहतं ते लिहिलंय!"

तिनं कपाळावर हात मारला आणि मी दोन्ही हातांनी माझ्या. जिथे पाणी जास्त चढतं, तिथे तिनं जमीन जास्त उचलली होती. आमच्या सगळ्यात खोल गल्लीची तिनं टेकडी केली होती! एक खालची पाखाडीच नव्हे, जिथे जिथे भरतीपुढे आकडा होता, तिथे तिथे हाच प्रकार.

"पण शाळेत तू भरती-ओहोटी शिकलीस ना?" मी विचारलं. शिक्षिका आहे, सुटत नाही.

"शिकले की! पण जोडीनं, बाई. भरती-ओहोटी. नुसती एकटी भरती समुद्राची आसती, हे कुणी सांगितलं न्हाय. कंपनीत आमी टाइड म्हणतो. आन घरात भरती म्हंजे..." तिनं मुरमाकडे बोट केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या भावाचं काय झालं असतं वो माझ्यामुळं?"

आता माझी पाळी होती. फॉर्म कोणी आखला? मी. 'भरतीचं पाणी' असा एक शब्द जास्त लिहायला माझे हात मोडले होते? समुद्रकाठच्या माणसाला वाटतं, भरती सगळ्या जगाला ठाऊक. फोनवर ती "जास्त हाय, म्हणूनच कोरडी" म्हणाली तेव्हा 'म्हणजे काय गं?' एवढं विचारायचं सोडून मी फोन आपटला होता. एसटीतल्या बाईनं भरतीचा तिसराच अर्थ सांगितला, तेव्हाही मी नुसती हसले होते. हे सगळं मी तिला सांगितलं. आण्णा दोघींकडे बघत होते. ते म्हणाले, "रडताव कशापायी? चूक सापडली न्हवं? भरती काढून टाका की. ट्रॅक्टरबी लागत न्हाय तुमाला."

सोमवार

सकाळी आठलाच आम्ही खोलीत. प्रज्ञानं सगळी भरती उतरवली, आणि या वेळी प्रत्येक फॉर्म माझ्यासमोर मोठ्यानं वाचला. शेऱ्याच्या रकान्यात एके ठिकाणी होतं, 'भांगाला पाणी येत नाही.' ती थांबली. "याच्यावर मी काहीच केलं न्हवतं. मला वाटलं होळीचं काहीतरी आसंल." आमच्याकडे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांगाची भरती म्हणतात, हे तिला समजावताना मला हसू आवरेना. भांग पिणाऱ्यांना पाणी मिळत नाही अशी तक्रार आम्ही नगरपालिकेला कशाला करू!

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, पण म्हणाले, "शब्दाचं पटलं. पण आताचा नकाशा बरोबर आहे याला पुरावा काय?"

प्रज्ञा म्हणाली, "गेल्या वर्षीचं ते उधाण परत आणते." त्या दुपारचा समुद्र, तो वारा, तो पाऊस तिनं संगणकात भरला आणि पाणी सोडलं. ते पाखाडीच्या तोंडाशी आलं. या वेळी वळलं नाही. सरळ आत शिरलं, पायऱ्या उतराव्यात तसं उतरलं, आणि दादाच्या घराचा चौकोन निळा झाला. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. प्रज्ञानं आकडा मला दाखवला नाही. कागदावर लिहून पालथा घातला. "घरात खूण हाय का, बाई?"

वहिनीला फोन लावला. "वहिनी, भिंतीवर पाण्याची रेघ आहे ना, ती जमिनीपासून मोज. टेप नसेल तर वितीनं मोज."

वहिनी वाकलेली ऐकू येत होती. "तीन विती... नि वर चार बोटां."

वहिनीची वीत मला माहीत आहे, लहानपणापासून तिनं माझी परकर-पोलकी त्याच वितीनं मोजून शिवलीत. नऊ इंच, कमी नाही, जास्त नाही. मी बोटांसकट हिशेब केला, अडीच फूट. प्रज्ञानं कागद उलटा केला. अडीच फुटाला एक बोट कमी होतं.

साहेबांनी कागद उचलून बघितला. मग म्हणाले, "वहिनींना आमच्याकडे नोकरीला पाठवता का?"

अकराच्या मीटिंगमध्ये पडद्यावर आमच्या पालिकेची माणसं ओळीनं बसलेली दिसली. प्रज्ञा म्हणाली, "चूक माझी हाय." मी म्हटलं, "हिचं ऐकू नका, फॉर्म माझा आहे." ती म्हणाली, "पण मी विचारायला पायजे होतं." मी म्हटलं, "आणि मी फोन आपटायला नको होता." शेवटी पलीकडून पालिकेचे साहेब ओरडले, "अहो, कोणाचीही असू दे, नकाशा दाखवा!" नकाशा दाखवला. खालची पाखाडी निळी, तिच्यासारख्या आणखी काही गल्ल्या निळ्या. जन्मात पहिल्यांदा माझं माहेर पाण्याखाली बघून मला आनंद झाला.

निघताना प्रज्ञाच्या आईनं कडक भाकऱ्यांची चवड बांधून दिली. महिनाभर टिकतात म्हणे. आमच्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी मऊ पडल्या, पण दादानं त्या आमटीत चुरून खाल्ल्या आणि आणखी मागितल्या. प्रवासाची हकिकत सांगितली तेव्हा म्हणाला, "माझ्यासाठी एवढी वणवण कशाक?" मी म्हटलं, "गप बस."

घरी, श्रावणात

हे लिहायला इतके महिने थांबले, कारण शेवट बघायचा होता.

परवा अमावस्येचं उधाण होतं आणि दोन दिवस पाऊस कोसळत होता. सकाळी नऊ वाजता वहिनीच्या फोनवर इशारा आला. साडेनऊला टेम्पो पाखाडीच्या तोंडाशी. चौघांनी दादाला खुर्चीसकट उचललं, अजून पाणी न चढलेल्या पायऱ्यांवरून, घाई न करता. दादा सगळ्यांना सूचना देत होता, "अरे जरा सांभाळून, मी काय पोतं नाय!" वहिनीनं गादी वर बांधली, देव घेतले, कुलूप लावलं. शाळेच्या ज्या वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवलं त्याच वर्गात दादा फळ्यासमोर खुर्चीत बसला, हातात चहाचा कप, आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर चाललेली.

बाराच्या सुमारास माझा फोन वाजला. सोलापूरहून प्रज्ञा. पाऊस खिडकीवर इतका आपटत होता की मी फोनचा आवाज मोठा केला. त्या गावात दाराशी येणारा-जाणारा रोज विचारतो तोच प्रश्न तिनं विचारला.

"बाई, पाणी आलं का?"

मी काही बोलायच्या आत दादानं हात पुढे केला आणि फोन माझ्याकडून घेतला.

"आलं असंल गो," तो म्हणाला. "मी घरी नाय."